सौदा किती मोठा घ्यावा? शेअर बाजारातील जोखीम आणि आपले कष्टाचे भांडवल



स्मरणिकेत आपण धम्म, शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती या विषयांवर नेहमी वाचता. यंदा आम्ही जो विषय घेतला आहे तो काहींना विहाराच्या अंगणात शोभणारा वाटणार नाही. परंतु तो आपल्या घरात केव्हाच शिरलेला आहे, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. बोईसरहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत पूर्वी पत्त्यांचा डाव रंगत असे. आज त्याच डब्यात तरुण मुले मोबाईलवर हिरव्या-तांबड्या कांड्या पाहत बसलेली दिसतात. रात्रपाळी करून आलेला कामगार सव्वानऊला बाजार उघडतो म्हणून झोपत नाही. कॉलेजात जाणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा झाले की पहिल्यांदा ऑप्शनचा भाव बघतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या अभ्यासवर्गात जी माणसे पैशाची अडचण घेऊन आली, त्यांतील एक गोष्ट सांगतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बावीस वर्षे नोकरी केलेले एक बांधव. कारखाना बंद पडला, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळून हाती बऱ्यापैकी रक्कम आली. मुलगी नर्सिंगला होती. मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी शेअरची खरेदी-विक्री सुरू केली. पहिले तीन महिने नफा झाला. मग एका शेअरमध्ये भाव पडू लागला. त्यांनी आणखी घेतले, पुन्हा पडला, पुन्हा घेतले. वर्षअखेर मूळ रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरले. ते आमच्यापुढे बसून म्हणाले, "माझे दहा अंदाज तपासा, त्यांतले सहा बरोबर निघालेत. मग पैसे गेले कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच प्रस्तुत लेखाचा विषय होय. कोणता शेअर घ्यावा हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. किती घ्यावा, आणि चुकलो तर किती जाऊ द्यावे, हे सांगणारा भेटत नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रोजच्या खरेदी-विक्रीचा हा धंदा करा असे आम्ही कोणासही सुचवीत नाही. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, हिने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. हा तोटा माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे अवघे एक टक्का निघाले. या लोकांतील तीन चतुर्थांशांहून अधिकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होते. तीस वर्षांखालील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पुढे २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. ज्यांना वाटते की आपण फक्त त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकतो, ऑप्शनच्या वाटेस जात नाही, त्यांच्यासाठीही आकडा आहे. २०२२-२३ मध्ये रोख बाजारात असे दिवसाचे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींमध्ये सात तोट्यात होत्या.

तरीही जे करतात ते करणारच. त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून करावे, एवढाच आमचा हेतू.

शेअर बाजार आणि आपला समाज यांचे नाते आजचे नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू होण्यापूर्वी, बाबासाहेबांनी शेअरचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्ञान होते, पदवी होती, परंतु दार बंद होते. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज डिमॅट खाते उघडताना जात कोणी विचारीत नाही, दार सताड उघडे आहे. पण दार उघडे असले तरी आत खड्डा कोठे आहे हे ज्याचे त्यालाच बघावे लागते. ज्या घरात वडिलोपार्जित जमीन नाही, दुकान नाही, अडचणीला धावून येणारा श्रीमंत मामा नाही, तेथे पहिल्या पिढीने साठविलेले दोन-चार लाख बुडणे म्हणजे केवळ पैसे जाणे नव्हे. धाकट्याचे शिक्षण थांबते, घराचा हप्ता थकतो, आणि एक पिढी पुन्हा मागे पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू.

समजा, एखाद्याने व्यापारासाठी म्हणून ५०,००० रुपये बाजूला काढले आहेत. बहुतेक जण काय करतात? शेअरचा भाव २४० असेल तर ५०,००० भागिले २४० करून दोनशेच्या आसपास शेअर घेतात. 'परवडतात तेवढे घ्यावे' हाच हिशेब. हा हिशेब उलटा आहे. आधी ठरवायचे ते हे, की हा सौदा चुकला तर मी जास्तीत जास्त किती रुपये गमावणार? जाणते लोक ही रक्कम भांडवलाच्या एक टक्का, फार तर दोन टक्के ठेवतात. आपण एक टक्का धरू, म्हणजे ५०० रुपये. दुसरी गोष्ट, भाव कोठे गेला म्हणजे माझा अंदाज चुकला असे मी मान्य करीन? समजा २३०. तेथे विकून बाहेर पडायचे, यालाच स्टॉप लॉस म्हणतात. २४० वजा २३० म्हणजे दर शेअरमागे १० रुपयांची जोखीम. ५०० भागिले १०, उत्तर आले ५०. म्हणजे पन्नास शेअर घ्यायचे, दोनशे नव्हे. त्यांत गुंततील १२,००० रुपये, बाकीचे खात्यातच राहतील.

याच शेअरची चाल उड्या मारणारी असेल आणि स्टॉप लॉस २२० ला ठेवणे भाग असेल, तर दर शेअरमागे जोखीम २० रुपये झाली. मग संख्या २५. शेअर जितका चंचल, तितकी संख्या कमी. पण गमावण्याची रक्कम तीच, ५०० रुपये. सौद्याचा आकार हा आपल्या इच्छेवर, खात्रीवर किंवा टीप देणाऱ्याच्या आवाजावर ठरत नसून या साध्या भागाकारावर ठरतो. सातवीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे. अडते ते गणितात नाही.

यात खर्च धरावयाचा राहिला. वरील पन्नास शेअर २४० ला घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी २३० ला विकले, तर खरेदी आणि विक्री दोन्हींवर दर हजारी एक रुपया याप्रमाणे रोखे व्यवहार कर आणि खरेदीवरील मुद्रांक शुल्क मिळून सुमारे २५ रुपये होतात. त्याशिवाय दलाली, तीवरचा जीएसटी आणि विक्रीच्या वेळी डिमॅट खात्याचे शुल्क निराळे. म्हणजे ५०० चा तोटा प्रत्यक्षात साडेपाचशेकडे सरकतो. म्हणून पन्नासऐवजी पंचेचाळीस घ्यावेत. लहान भांडवलाला हा खर्चच कुरतडून खातो. दिवसाला दहा सौदे करणारा माणूस आपण कोणासाठी राबतो आहोत याचा महिनाअखेर एकदा हिशेब करील तर बरे.

एक टक्का ही रक्कम पाहून तरुण मुले हसतात. "सर, पाचशे रुपयांनी काय होणार?" असे विचारतात. त्यांना आम्ही फळ्यावर पुढील आकडे लिहून दाखवतो. समजा, ओळीने दहा सौदे चुकले. दर सौद्याला उरलेल्या भांडवलाच्या एक टक्का गमावणाऱ्याच्या ५०,००० पैकी ४५,२१९ रुपये शिल्लक राहतात. पाच टक्के गमावणाऱ्याजवळ २९,९३७ उरतात. दहा टक्केवाल्याजवळ १७,४३४. वीस टक्केवाल्याजवळ फक्त ५,३६९. दहा चुका तर चौघांच्याही झाल्या. एक जण उद्या पुन्हा कामावर हजर आहे, आणि एक संपला आहे.

ओळीने दहा चुका क्वचित होतात हे खरे. पण पाच? नाणे शंभर वेळा उडविले तर त्यात कोठे ना कोठे ओळीने पाच किंवा अधिक वेळा काटा पडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. आम्ही वर्गात हे करून पाहतो. मुलांचा विश्वास बसत नाही, मग तेच मोजतात. पाचव्या काट्यानंतर 'आता छाप पडणारच' असे जवळजवळ सगळ्यांना वाटते. नाण्याला मागचे काही आठवत नसते. बाजारात याच क्षणी माणूस सौदा दुप्पट करतो.

तोट्याचे आणखी एक गणित फसवे आहे. १० टक्के गेले तर ते भरून काढण्यास ११ टक्के नफा पुरतो. २५ टक्के गेले तर ३३ टक्के लागतो. निम्मे गेले तर उरलेल्याचे दुप्पट करावे लागतात, म्हणजे १०० टक्के. ९० टक्के गेले तर ९०० टक्के नफा हवा. उतरण सोपी आणि चढण उभी, असा हा घाट आहे. म्हणून भांडवल वाचविणे हे नफा कमावण्याच्या आधीचे काम ठरते.

आता त्या बांधवांच्या प्रश्नाकडे येऊ: दहातले सहा बरोबर, मग पैसे गेले कुठे? बरोबर किती आले यापेक्षा बरोबर असताना किती मिळाले आणि चूक असताना किती गेले, हे महत्त्वाचे. एक जण दहापैकी सात वेळा जिंकतो, दर वेळी ३०० रुपये. तीन वेळा हरतो, दर वेळी १,०००. एकूण मिळाले २,१००, गेले ३,०००. दुसरा दहापैकी चारच वेळा जिंकतो, पण दर वेळी १,०००. सहा वेळा हरतो, दर वेळी ५००. त्याला मिळाले ४,०००, गेले ३,०००. गावभर शहाणा म्हणून नाव होणार पहिल्याचे. आपले बांधव पहिल्या जातीचे होते. नफा दिसला की घाबरून लगेच विकायचे आणि तोटा दिसला की 'आज ना उद्या येईल' म्हणून धरून ठेवायचे. मनुष्यस्वभावच तसा आहे, त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही.

पण चांगली पद्धत असूनही केवळ सौद्याच्या आकाराने माणूस कसा बुडतो, हे पाहण्यासारखे आहे. वरील दुसऱ्याचीच पद्धत घेऊ. शंभर सौदे, चाळीस जिंकले, साठ हरले. जिंकल्यावर लावलेल्या जोखमीच्या दुप्पट मिळते. दर सौद्यात एक टक्का जोखीम घेणाऱ्याचे ५०,००० चे, खर्च सोडल्यास, सुमारे ६०,४०० होतात. त्याच सौद्यांत, त्याच दिवशी, त्याच भावाला दर वेळी भांडवलाच्या २५ टक्के जोखीम घेणाऱ्याचे सुमारे १७,६०० उरतात. नफा देणारी पद्धत, आणि माणूस दोन तृतीयांश भांडवल गमावून बसला! कागद-पेन्सिल घेऊन १.५ चा चाळीस वेळा आणि ०.७५ चा साठ वेळा गुणाकार करून विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे; आमच्या शब्दावर विसंबू नये. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन केली या शास्त्रज्ञाने १९५६ साली याचे सूत्र मांडले. जिंकण्याच्या शक्यतेतून, हरण्याची शक्यता भागिले नफ्या-तोट्याचे गुणोत्तर, एवढे वजा करावे. येथे ०.४ वजा ०.३, म्हणजे दहा टक्के ही वरची मर्यादा निघते. या मर्यादेच्या दुपटीला पोचले की वाढ शून्य, आणि त्यापलीकडे ऱ्हास. शिवाय आपली जिंकण्याची शक्यता खरोखर किती, हे कोणालाच नेमके ठाऊक नसते. वीस सौद्यांच्या अनुभवावरून मनाशी धरलेला आकडा बहुधा फुगलेलाच असतो. म्हणून व्यवहारात त्या मर्यादेच्या अगदी लहान हिश्श्यावर राहणे शहाणपणाचे.

स्टॉप लॉसविषयी आमच्या कामगार बांधवांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रसायनांच्या कारखान्यात रिॲक्टरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. किती दाबाला तो उघडायचा हे संयंत्र सुरू करण्यापूर्वी ठरते. दाब चढत असताना 'अजून थोडा चढू द्या' म्हणून कोणी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळत नाही. आवळली तर काय होते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. बाजारात मात्र आपण नेमके तेच करतो. २३० चा स्टॉप भाव २३१ ला आला की २२५ करतो, मग २१५, मग काढूनच टाकतो. स्टॉप नफ्याच्या दिशेने सरकवावा, तोट्याच्या दिशेने कधीही नाही.

तथापि व्हॉल्व्हलाही मर्यादा असते. स्टॉप लॉस लावला म्हणजे त्याच भावाला विकले जाईल अशी हमी नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली आणि आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर असलेला शेअर त्या दिवशी चाळिसाच्या आसपास बंद झाला. ज्याने आपले ५०,००० सर्व त्यातच घातले असतील त्याचे एका दिवसात सुमारे ११,००० झाले. ज्याने कितीही खात्री असली तरी एका शेअरमध्ये सहा हजारांहून अधिक घालायचे नाहीत असे ठरविले असेल त्याचे सुमारे ४,६०० गेले. दुखले, पण तो उभा राहिला. २३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या भीतीने सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला, व्यवहार पाऊण तास थांबवावे लागले. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के खाली आला. काही शेअर खालच्या सर्किटला अडकतात तेव्हा तर घेणाराच नसतो, तुमची विक्रीची मागणी नुसती रांगेत उभी राहते. आणि वैतरणेच्या पुलावर नेटवर्क गेले तर? म्हणून भागाकाराने आलेल्या संख्येवर आणखी एक कुंपण घालावे: एका शेअरमध्ये भांडवलाच्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम नको. वरच्या उदाहरणातील पंचेचाळीस शेअरही मग तीसवर येतील. येऊ द्यावेत.

पाच निरनिराळ्या बँकांचे शेअर घेऊन 'मी जोखीम वाटली' असे समजणे ही आणखी एक फसगत. व्याजदराची एक बातमी आली की पाचही एकदम पडतात. तो एकच सौदा असतो, पाच नावांचा. सर्व उघड्या सौद्यांची मिळून जोखीम भांडवलाच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये.

भाव पडत असताना आणखी घेणे, ज्याला 'ॲव्हरेज करणे' म्हणतात, त्यानेच त्या बांधवांचा घात केला. २०० ला शंभर घेतले, १६० ला आणखी शंभर. सरासरी १८० झाली म्हणून मनाला बरे वाटते. परंतु चुकलेला सौदा आता दुप्पट मोठा झाला आहे, याकडे लक्ष जात नाही. दरमहा ठराविक रक्कम वर्षानुवर्षे निर्देशांकाच्या फंडात घालणारा मनुष्य जे करतो ते निराळे. त्याने एका कंपनीवर पैज लावलेली नसते आणि त्याला उद्या पैसे लागणार नसतात.

फ्युचर आणि ऑप्शनबद्दल आम्ही थोडक्यात एवढेच सांगू, की लहान भांडवलवाल्याला तेथे सौद्याचा आकार ठरविण्याचे स्वातंत्र्यच नसते. तेथे लॉट ठरलेला असतो. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले. अशा एका फ्युचरमध्ये निर्देशांक फक्त एक टक्का विरुद्ध गेला तर १५,००० रुपये जातात. दीड लाख भांडवल असलेल्याचे ते दहा टक्के झाले. एक टक्क्याचा नियम पाळायचा तर एवढ्या चालीसाठी १५ लाखांचे भांडवल हवे. ऑप्शन घेणाऱ्याला वाटते की आपले चार-पाच हजारच लागले आहेत. पण मुदतीच्या दिवशी ते चार-पाच हजार शून्य होतात, आणि असे आठवड्यात दोनदा होते. ऑप्शन विकणाऱ्याचे तर किती जातील याला तळच नाही.

उधारीच्या सौद्याने काय होते याचा धडा मुंबईला दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा ओतला गेला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या नावावर लोक डोळे मिटून शेअर घेऊ लागले. बॅक बे भरणीच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. हातात पैसे नसताना पुढील तारखेचे वायदे करून ठेवले होते. युद्ध संपले, कापूस पडला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणेकऱ्यांची आणि येणेकऱ्यांची साखळीच तुटली. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात तेच निराळ्या वेषात घडले. आज ब्रोकरच मोबाईलवर 'चार पट घ्या' म्हणून मार्जिन देतो. पतपेढीचे कर्ज, सोनेतारण, क्रेडिट कार्ड किंवा मित्राची उसनवारी यांवर सौदा करणे आम्ही पूर्णतः निषिद्ध मानतो. यात मध्यममार्ग नाही.

येथे भगवंतांच्या उपदेशाचे स्मरण होते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. त्याच सुत्तात धन नष्ट होण्याच्या सहा द्वारांमध्ये जुगार गणला आहे. व्यग्घपज्ज सुत्तात कमावलेल्याचे रक्षण करणे आणि आवक पाहून जावक ठेवणे यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. शेअरचा व्यापार म्हणजे जुगारच काय, असा प्रश्न वर्गात दर वेळी निघतो, आणि त्यावर आमच्यातच एकमत नाही. काही ज्येष्ठ उपासक होय म्हणतात. आमचे स्वतःचे मत असे, की किती जाऊ शकते हे आधी ठरवून, जाणारे सोसण्याची ताकद ठेवून केलेला व्यापार हा धंदा आहे. मग तो धान्याचा असो की शेअरचा. न ठरविता केलेला जुगार आहे, मग तो डिमॅट खात्यातून का असेना. मात्र तो चौथा भाग बाजारात नेता येणार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, आजारपणाचा विमा, मुलांची चालू वर्षाची फी एवढे झाल्यावर जे उरेल, आणि गेले तरी घरात चूल पेटेल, तेवढेच व्यापाराचे भांडवल. बहुतेकांच्या बाबतीत ते शून्य निघते. तसे निघाल्यास हिशेब चुकला असे समजू नये.

संस्थेच्या निधीबाबतही येथेच सांगून टाकतो, कारण विहाराच्या बांधकामासाठी जमलेली रक्कम 'काही दिवस' बाजारात फिरवावी अशी सूचना सभेत आली होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ प्रमाणे विश्वस्त संस्थेचा पडून असलेला पैसा अनुसूचित बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशा ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवावा लागतो. अन्यत्र ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. दहा-वीस रुपयांच्या पावत्यांनी जमलेल्या पैशावर एक टक्काही जोखीम घेण्याचा अधिकार कोणा पदाधिकाऱ्याला नाही. सूचना मांडणाऱ्या तरुण सभासदाने ती नंतर समजूतदारपणे मागे घेतली, हे नमूद केले पाहिजे.

मोबाईलवरील गटांतून टीप विकणारे, 'तुमचे खाते आम्ही चालवतो' म्हणणारे, सरकारी बाजाराबाहेर वहीत सौदे लिहिणारा डब्बावाला, यांच्यापासून दूर राहावे. सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते. ओटीपी आणि पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नये.

जे व्यवहार करीत आहेत त्यांनी एक शंभर पानी वही घालावी. सौदा करण्यापूर्वी तीत लिहावे: तारीख, शेअर, घेण्याचा भाव, स्टॉप लॉस, संख्या, चुकल्यास जाणारे रुपये, आणि घेण्याचे कारण एका ओळीत. कारण लिहिता येत नसेल तर सौदा करू नये. दिवसात भांडवलाचे दोन टक्के गेले की मोबाईल बंद करून झोपावे. रात्रपाळीवाल्यांना तशीही झोप हवीच असते. महिन्यात सहा टक्के गेले तर तो महिना संपला. सातपाटीचे कोळी बांधव जून-जुलैत होड्या काठावर ओढून ठेवतात, जाळी विणतात. त्याने कोणी त्यांना भित्रे म्हणत नाही. आणि ही वही महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवावी. पत्नीला दाखविल्यास उत्तम. ती न दाखविण्याची इच्छा होणे हीच मोठी सूचना असते.

ज्यांचे आधीच गेले आहे आणि घरी सांगितलेले नाही, त्यांना आमची विनंती आहे. गेलेले परत मिळवण्यासाठी आज सौदा करू नका. सर्व देण्यांची एका कागदावर बेरीज करा, ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते कर्ज वर लिहा, आणि तो कागद घरातल्या एका माणसापुढे ठेवा. ते बांधव तसेच आले होते, घडी घातलेला कागद खिशात घेऊन. त्यांच्या मुलीची उरलेली फी कशी भरायची हे त्या दिवशी पाच-सहा जणांनी बसून ठरविले. ती आता नोकरीला लागली आहे. ते स्वतः सध्या एका गोदामात हिशेब लिहितात आणि अभ्यासवर्गात फळ्यावरचे भागाकार मुलांना तेच शिकवतात.

वर्ग दर पौर्णिमेस वंदनेनंतर भरतो. येताना वही आणावी. त्यात किती रकमेचे आकडे आहेत ते कोणी विचारणार नाही.